गच्चीवरचा फड्या निवडुंग

काका गेल्याचं मला गावी कळलं. कॉलेजला सुट्टी होती, मी आईबरोबर ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. काकूंचा फोन आला. "काका गेले गं," एवढंच त्या बोलल्या. शेखकाका माझ्या नात्यातले नव्हते. दिल्लीजवळ फरीदाबादला त्यांच्या गच्चीवरच्या खोलीत मी भाड्याने राहते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. मुलगी मराठी माणसांच्या घरी राहणार, म्हणून वडील तयार झाले होते. काकांबद्दल मी काय लिहावं, नीट कळत नाही, पण लिहावंसं वाटतं.

पहिल्याच दिवशी गच्चीवर फड्या निवडुंग बघून मला हसू आलं होतं. आमच्याकडे तो बांधावर आपला आपण वाढतो. "हा कुणी कुंडीत लावतं का, काका?" ते म्हणाले, "सोलापूरहून रेल्वेने आलाय, माझ्यासारखा. दिल्लीकर झाला, आता त्याला कुंडी लागते." सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांचा सगळा जीव त्या कुंडीत होता. शेजारच्या आंटी एकदा म्हणाल्या, "भाईसाहब, घर में काँटे रखने से झगड़ा होता है." काका शांतपणे म्हणाले, "झगड़ा तो हम शादी के दिन से कर रहे हैं जी. ये बेचारा तो बाद में आया." भांडण असायचं ते चिमट्यावरून. निवडुंगाची बारीक कुसळं बोटात शिरतात, म्हणून काका पोळ्यांचा चिमटा वर घेऊन यायचे आणि खालून काकू ओरडायच्या, "आज पोळ्या हाताने उलटू का मी?" पाणी मात्र ते कधीतरीच घालायचे. बोट मातीत खुपसून बघायचे आणि बहुतेक वेळा पाण्याने भरलेला मग तसाच परत न्यायचे.

सुट्टीनंतर परत आले तर कुंडीतली माती चिंब होती. खालची फडी पिवळी पडून मऊ झाली होती, हात लावला तर दबत होती. काकू रोज सकाळी मग भरून पाणी घालत होत्या. "ते होते तेव्हा मी याला कधी बघितलंसुद्धा नाही," त्या म्हणाल्या, "म्हटलं, आता तरी..." मी धीर करून सांगितलं, की बुंधा सडलाय, पण वरच्या फड्या चांगल्या आहेत, त्या वाचतील. काकू खाली गेल्या. मला वाटलं, रागावल्या. त्या चिमटा घेऊन वर आल्या.

त्यांनी फडी धरली, मी कापली. काकांना असं करताना मी पाहिलं होतं. कापलेली फडी लगेच मातीत लावली तर सडते; सावलीत ठेवून जखमेवर खपली धरू द्यावी लागते. गच्चीच्या सावलीतल्या काकांच्या खुर्चीवर वर्तमानपत्र पसरून आम्ही त्या मांडल्या. "किती दिवस?" काकूंनी विचारलं. मी म्हटलं, "काका म्हणायचे, बोटाला कळतं." त्यानंतर रोज चहाआधी काकू वर यायच्या, कापलेल्या जागी हळूच बोट टेकवायच्या. "अजून ओलं आहे," म्हणायच्या आणि थोडा वेळ तिथेच बसायच्या... कधी काकांचं काहीतरी सांगायच्या.

आज सकाळी त्यांनी मला हाक मारली. "बघ गं, कोरडं लागतंय." आम्ही नवी माती भरली, वाळू मिसळली, फड्या उभ्या केल्या. सवयीने काकूंनी मग भरून घेतला. क्षणभर तो तसाच हातात धरला... आणि शेजारच्या, मी लावलेल्या तुळशीला पाणी घालून तो काकांच्या खुर्चीखाली पालथा ठेवला.