मायची सीट

मायला अर्धांगाचा झटका आला तेव्हा मला सासरहून परत येऊन दोन वर्षं झाली होती. यावलला सहा वर्षं नांदले, जमेना, म्हणून पारोळ्याला आईवडिलांकडे आले आणि इथल्याच एका शाळेत विज्ञान शिकवायला लागले. घरात आम्ही तिघंच: माय, नाना आणि मी. धाकटा भाऊ सुरतेला कापडाच्या कारखान्यात सुपरवायझर. दर रविवारी त्याचा व्हिडिओ कॉल यायचा. त्या कॉलसाठी नाना अंघोळ करून, टोपी घालून तयार बसायचे.

मायची डावी बाजू गेली. बोलणं जड झालं. डॉक्टर म्हणाले, व्यायाम नेटाने केला तर हातपाय थोडे परत येतील. व्यायाम करवून घेणाऱ्या बाई धुळ्याला होत्या, आठवड्यातून तीन दिवस जायचं. रस्ता चांगला, पाऊण तासाचा. अडचण एकच होती, मायला गाडीत बसवायचं कसं?

भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर तिच्या काखेत हात घालून तिला उचलायचा आणि आत ढकलायचा. मी पाय धरायची. एकदा या गडबडीत तिचं लुगडं गुडघ्याच्या वर गेलं. समोर पानटपरी, तिथे पाच-सहा माणसं उभी. मी लुगडं खाली ओढेपर्यंत सगळ्यांनी बघून घेतलं होतं. धुळ्याला पोहोचेपर्यंत माय खिडकीबाहेर बघत होती. परतताना एकेक शब्द जुळवत म्हणाली, "पोतासारखं उचलू नका माले. मी नही येत आते."

आणि खरंच, पुढच्या वेळी ती खाटेवरून हलली नाही.

आमच्या अंगणात निंबाखाली नानांची जुनी डिझेल गाडी ताडपत्रीखाली उभी होती. नाना तीस वर्षं बस डेपोत डिझेल मेकॅनिक. निवृत्त झाल्यावर त्यांनी ती जुनीच विकत घेतली होती. पुढे डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, हात थरथरायला लागले, आणि गाडी चार वर्षांपासून जागची हलली नव्हती. मी नानांना म्हटलं, "ही चालू करू. मी चालवीन, मायला नेईन."

"भंगार शे ती आते," नाना म्हणाले. "आनि बाईस्नं काम नही ते."

रविवारी भावाचा कॉल आला तेव्हा तोही तेच बोलला. "अक्का, विकून टाका ना ती. जागा तरी मोकळी होईल."

उन्हाळ्याची सुट्टी लागली त्या दिवशी मी ताडपत्री काढली.

बॉनेट उघडलं तर बॅटरीच्या शेजारी उंदरांनी घर केलेलं. वायरी कुरतडलेल्या, एअर फिल्टरचा भुगा. टाकीतल्या डिझेलला रंगासारखा उग्र वास येत होता. मी दोन दिवस नुसती सफाई केली. नाना ओट्यावर खाट टाकून बसले होते. तिसऱ्या दिवशी मी टाकीचा बोल्ट उलट्या बाजूला फिरवून फिरवून घामाघूम झाले, तेव्हा त्यांना राहवलं नाही. "दुसरीकडे फिराव वं!" ते ओरडले, आणि उठून माझ्याजवळ येऊन बसले.

तिथून आमचं काम सुरू झालं. त्यांना जवळचं बारीक दिसत नव्हतं, हात स्थिर राहत नव्हते, पण इंजिनातला प्रत्येक नट त्यांच्या डोक्यात होता. ते सांगायचे, मी करायची. टाकी उतरवून धुतली. नळ्या बदलल्या. डिझेल फवारणारे इंजेक्टर काढून धुळ्याला पंप दुरुस्त करणाऱ्याकडे नेले, तपासून आणले. हीटर प्लग नवे घातले. टायमिंग बेल्टच्या खुणा चुकल्या तर इंजिनच तुटतं; तो घालताना दोन्ही खुणा जुळल्यात का हे नानांनी मला चार वेळा विचारलं आणि चारही वेळा शपथ घ्यायला लावली. माझी नखं काळी झाली ती शाळा उघडेपर्यंत काळीच होती.

गाडी पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा पांढऱ्या धुराने सगळी गल्ली भरली. शेजारच्या बाईने खिडक्या लावून घेतल्या. इंजिन अडखळत होतं. नानांनी लांब स्क्रूड्रायव्हर मागितला, त्याचं टोक इंजिनावर ठेवलं, मुठीला कान लावला आणि एकेका इंजेक्टरचा आवाज ऐकला. हात थरथरत होता, पण चेहरा इतका शांत मी आधी कधी पाहिला नव्हता. "तिसरा," ते म्हणाले. "काढ त्याले." मी काढला. खाली दोन वॉशर बसले होते, जुना निघालाच नव्हता. तो काढल्यावर इंजिन एकसुरात चाललं. नाना माझ्याकडे बघून हसले. त्या क्षणी मी त्यांच्यासाठी वाटेल ते केलं असतं.

तेवढ्यात आवाज ऐकून समोरचे आबा आले. "नाना, चालू केली वाटतं गाडी!"

नाना म्हणाले, "आंडोर फोनवर सांगस, हाई नुसती पाना फिरावस."

आंडोर म्हणजे मुलगा; तो फोनवर सांगतो आणि ही नुसता पाना फिरवते, असं. भावाने फोनवर काय सांगितलं होतं ते मला ठाऊक होतं. मी हात पुसत उभी राहिले. म्हटलं, म्हातारा माणूस, लोकांसमोर मुलाचा मोठेपणा करतो, करू दे.

गाडी चालू झाली, पण मायला उचलणं चुकलं नव्हतंच. मला वाटत होतं, पुढची डावी सीट दाराच्या बाहेर तोंड करून फिरली पाहिजे. माय चाकाच्या खुर्चीवरून तिच्यावर सरकेल, मग आपण सीट फिरवू आणि तिचे पाय आत घेऊ. नानांना ते मुळीच पटलं नाही. "कंपनीनी सीट शे ती, तिले हात लावू नको." मी ऐकलं नाही. पुठ्ठ्याचे साचे कापले, मापं घेतली. गावातल्या वेल्डरकडून दोन जाड लोखंडी पाट्या करून घेतल्या, मध्ये मोठं बेअरिंग, आणि सीट जागेवर अडकायला जाड पिन. दार जास्त उघडावं म्हणून त्याचा अडसर काढला.

पहिल्यांदा मायला बसवलं आणि सीट फिरवली, तेव्हा तिचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. सगळं मिळून सीट चार बोटं उंच झाली होती. कपाळावर टेंगूळ आलं. नाना ओट्यावरून म्हणाले, "सांगं व्हतं ना तुले!" मी घरात जाऊन रडले. माय मात्र टेंगळावर हळद लावून घेताना म्हणाली, "परत कर."

मी सीटखालचे सरकायचे रूळच काढून टाकले. सीट मागेपुढे होणार नव्हती, पण खाली बसली. पाट्या परत कापून आणल्या. पंधरा दिवस गेले. या वेळी मायने उजव्या हाताने दार धरलं, ती स्वतःच सरकली, मी सीट फिरवली, पिन खटकन बसली. तिचं डोकं चौकटीखालून बोटभर अंतराने आत गेलं. तिने पट्टा लावून घेतला, समोरच्या काचेतून बघितलं आणि म्हणाली, "बसनू." म्हणजे, बसले मी. कोणीही न उचलता.

त्या बदलाची नोंद कागदावर करून घ्यायला आणि पासिंगसाठी जळगावला तीन खेपा झाल्या. गाडी नानांच्या नावावर होती, सह्या त्यांच्या. माझं नाव कुठल्याच कागदावर आलं नाही, आणि मला तेव्हा त्याचं काही वाटलंही नाही.

मग सव्वा वर्षभर आम्ही दोघी धुळ्याला जात राहिलो. शाळा सुटली की मी गाडी काढायची. माय तयार होऊन बसलेली असायची, केसांना तेल लावून. रस्त्यात ती बोलायची. घरात नानांसमोर तिचा शब्द अडायचा, गाडीत मात्र तिचं तोंड सुटायचं. कोणाच्या शेतात कपाशी चांगली आहे, कोणाची केळी वाऱ्याने पडली, तिच्या लहानपणी याच रस्त्यावर किती झाडं होती. एकदा तिने मला यावलचं विचारलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी सांगितलं. ती ऐकून घेत राहिली, आणि चांगला हात माझ्या मांडीवर ठेवला. डाव्या हाताची बोटं हळूहळू उघडायला लागली होती. काठी धरून ती अंगणात चार पावलं टाकायची.

दिवाळीला भाऊ बायको-मुलांना घेऊन आला. गाडी बघून खूश झाला, एक चक्कर मारून आला. पाहुणे जमले होते. नाना सगळ्यांना सीट फिरवून दाखवत होते. "सुरतले अशा गाड्या ऱ्हातस," ते म्हणाले. "आंडोरनी डोकं लावं." म्हणजे डोकं मुलाने लावलं. भाऊ हसला. नाही म्हणाला नाही. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. एका पाहुण्याने माझ्याकडे बघितलं, मीही हसले. आज सगळ्यात जास्त राग त्या हसण्याचा येतो.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी भाऊ म्हणाला, "अक्का, महिनाभर गाडी नेऊ का? कारखाना लांब हलवलाय, माझी गाडी बुक केलीय, ती येईपर्यंत." मी नानांकडे बघितलं. नाना म्हणाले, "ने ना, तुनीच शे." मी आत जाऊन दुसरी किल्लीसुद्धा आणून दिली. मायचे व्यायाम महिनाभर घरीच करू म्हटलं.

महिन्याचे तीन महिने झाले. मी फोन केला की तो म्हणायचा, पुढच्या आठवड्यात. एक दिवस नानांनी सह्या केलेल्या कागदांचा लिफाफा कुरिअरने पाठवला. मी विचारलं, कसला? गाडी भावाच्या नावावर करायचे कागद होते. मी त्यांच्याशी भांडले. आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवला.

"गाडी आंडोरनी शे," नाना म्हणाले. "तू काय, आज आठे, सकाय तठे."

आज इथे, उद्या तिथे. मी कुठे जाणार होते?

आखाजीला भाऊ बायको-मुलांसह गाडी घेऊन आला. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडे लेकींचा सण, सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात. आमच्याकडे लेकच आला. मी दार उघडून बघितलं तर पुढे साधी सीट होती, वर नवं लाल कव्हर.

"ती सीट?"

"खडखड करायची अक्का. मेकॅनिकने काढून टाकली. भंगारात गेली."

मला एवढंच विचारता आलं, "आणि माय?"

"माय आता बरी आहे ना. आणि उचलायला मी आहे की." त्याच दुपारी त्याने तिला फिरवून आणायचं ठरवलं. काखेत हात घालायला वाकला. मायने चांगल्या हाताने त्याला दूर लोटलं आणि तोंड फिरवलं. तो हिरमुसला. "काही चांगलं करायला जावं तर!" म्हणाला. माय तेव्हापासून घराबाहेर पडलेली नाही. डाव्या हाताची मूठ परत मिटली.

दोन दिवसांनी ते निघाले. सामान भरलं, मुलं बसली, भावाने सेल्फ मारला. इंजिन फिरत होतं, पकडत नव्हतं. परत मारला, परत. मी मायच्या खाटेशी बसून तिला भाकरी चुरून देत होते. खिडकीतून गाडीचं मागचं टोक दिसत होतं. सायलेन्सरच्या नळीतून धुराचा एक भपकाही येत नव्हता. म्हणजे आत डिझेलच जात नव्हतं. डिझेल पंपावर एक वायर येते, ती सुटली की पंप डिझेल सोडत नाही. तिथला जोड कच्चा होता, तो बदलायचा राहून गेला होता, माझ्याकडूनच. मला उठून जायला अर्धं मिनिट लागलं असतं आणि वायर खोचायला आणखी अर्धं.

नाना बॉनेटमध्ये वाकले होते, थरथरत्या बोटांनी चाचपडत. भावाने हाक मारली, "अक्का, जरा बघतेस का?"

मी उठले नाही.

माय माझ्याकडे बघत होती. तिला सगळं कळत होतं. "जाय ना वं," ती म्हणाली.

"नाही जाणार."

"जाय. पोऱ्या शे तो मना." पोरगा आहे माझा. जिच्यासाठी मी ते लोखंड दोनदा कापून आणलं होतं, ती मला हे सांगत होती. मी भाकरीचा घास पुढे केला. तिने तोंड मिटलं आणि भिंतीकडे वळवलं.

हायवेवरून मेकॅनिक आणला. त्याला वायर सापडायला दोन तास लागले. तोवर मुलं उन्हात रडली, भावजय माझ्याशी न बोलता पाणी घेऊन गेली. गाडी गेली. मला वाटलं होतं बरं वाटेल. तसं काही झालं नाही.

संध्याकाळी नाना ओट्यावर बसले होते. मी जवळून जाताना म्हणाले, "तुले समजनं व्हतं ना?"

"हां," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. ते रागावतील असं वाटलं होतं, रागावले नाहीत. म्हणाले, "माले बी वायर वाटनी व्हती. हातले लागनी नही." आत मायने ताट तसंच ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने माझ्या हातून घास घेतला, पण माझ्याकडे न बघता.

नानांच्या डोळ्यांचं ऑपरेशन आता झालं आहे. त्यांना सगळं स्पष्ट दिसतं. मायचे व्यायाम मी घरी करून घेते, मूठ उघडत नाही. रविवारी कॉल येतो. नाना टोपी घालून बसतात, माय मोबाइलकडे बघून हसते, आणि मी तेवढा वेळ अंगण झाडते.