बारीक कर ते!

आमच्या भागात गाणी बनवणाऱ्या प्रत्येकाला चोरीची धास्ती असते. आठवडाभर डोकं लावून तुम्ही एखादी बीट तयार करायची आणि पुढच्या लग्नात ती दुसऱ्याच कुणाच्या तरी नावानं वाजायची. म्हणून सगळे आपापल्या गाण्यात टॅग टाकतात. टॅग म्हणजे स्वतःच्या नावाची आरोळी. वरात रंगात आलेली असते, करवल्या नाचत असतात, आणि मध्येच जाड, घुमवलेल्या आवाजात कुणीतरी ओरडतं, 'डीजे अमुक तमुक, इंदापूर!' पुन्हा अर्ध्या मिनिटानं तेच. मला हा प्रकार पहिल्यापासून हास्यास्पद वाटत आला आहे. गाणं आहे की निवडणुकीचा फ्लेक्स?

माझ्या गाण्यात माझं नाव नाही. माझ्या गाण्यात माझी आई ओरडते.

आई एसटीत कंडक्टर आहे. तिची ठरलेली फेरी इंदापूर ते बारामती, आमच्या अंथुर्ण्यावरून जाणारी. वडील शेती बघतात आणि मोजकं बोलतात. घरातलं बोलण्याचं खातं पहिल्यापासून आईकडे. गाडी खचाखच भरलेली, खिडक्या खडखडताहेत, समोर उसाच्या ट्रॉल्या आडव्या, तरी आईनं दारातून 'पास काढा' म्हटलं की मागच्या सीटवर झोपेचं सोंग घेतलेला माणूस खिशात हात घालतो. हा आवाज तिनं कमावलेला आहे. लग्न होऊन आली तेव्हा ती विहारात गायची, आणि शेजारच्या वस्त्यांवरून बायका ऐकायला यायच्या. पुढं नोकरी लागली आणि रोजचं ओरडणं सुरू झालं. "गळा यष्टीनं खाल्ला माझा," असं ती अजून म्हणते. म्हणताना हसते, पण ते तिला लागलेलं आहे, हे मला लहानपणापासून माहीत होतं.

मी बारामतीला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि एमआयडीसीत एका दूध प्रक्रियेच्या कारखान्यात लागले. पिशव्या भरणाऱ्या मशीनवर माझी ड्युटी असायची. त्या मशीनला एक ताल होता. भरणं, चिकटवणं, कापणं, पुढं ढकलणं. बाकीच्यांना ती कटकट वाटायची, माझे पाय आपोआप हलायचे. मोबाईलवर तो आवाज टिपून मी घरी कॉम्प्युटरवर त्याच्याखाली हलगी घातली, आणि तिथून जे वेड लागलं ते लागलं. नोकरी सोडली तेव्हा आईनं एकच प्रश्न विचारला, "परमनंट सोडून आता भोंगं वाजिवनार का?" मी म्हटलं, हो. आम्ही दोघीही नाकावर राग असलेल्या, त्यामुळे तो विषय तिथंच संपला.

माझ्यावर पहिला विश्वास टाकला तो इंदापूरच्या एका साउंडवाल्या तात्यांनी. त्यांच्या घरी दोन पिढ्यांमागं मेंढरं होती. "आजा मेंढरं हाकायचा, मी स्पीकर हाकतो. दोनी बी वराडत्यात," असं ते सांगायचे. पोरगी बीट बनवते ह्याचं त्यांना आधी नवल वाटलं, पण ऐकल्यावर म्हणाले, "हे बग ताई, नाचनाऱ्याला बीट कळती, बनिवनारं कोन हाय ते कळत न्हाय." असा माणूस लाखात एक.

आता तो रविवार. मी नवा माईक आणला होता आणि आईला म्हटलं, विहारातलं तुझं एखादं गाणं म्हण, मी त्याच्याखाली संगीत घालते. ती आंघोळ करून आली, ठेवणीतली साडी नेसली, केस विंचरले. मी म्हटलं, "आई, माईकला दिसत नाही." ती म्हणाली, "मला तर दिसतंय." वडिलांनी न सांगता पंखा बंद केला आणि उंबऱ्यात बसून राहिले. आई गायली. खालचे सूर छान लागले, वरचे फाटले. संपल्यावर तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, मी "मस्त" म्हटलं, आणि ती स्वयंपाकघरात गेली.

मी बीट लावून बघत होते, स्पीकर भरपूर मोठा करून. माईक चालूच राहिला होता. आतून आवाज आला, "बारीक कर ते!"

नंतर रेकॉर्डिंग ऐकलं आणि माझ्या अंगावर काटा आला. त्या तीन शब्दांत गाडीभर माणसं होती, तिची सगळी वर्षं होती. असला आवाज पैसे देऊन मिळत नाही. मी आत जाऊन विचारलं, "आई, तुझा आवाज गाण्यात घेते हं." ती भाकरी थापत म्हणाली, "घे की. ईचारायचं काय त्यात?" माझ्या डोक्यात ओरडणं होतं. तिच्या डोक्यात अर्थातच गाणं होतं. दुसऱ्या दिवशी तिनं आगारात सगळ्यांना सांगून टाकलं की आमची पोरगी माझं गाणं काढणार आहे.

मी गाणं असं बांधलं. सुरुवातीला एसटीची डबल बेल, दोरी ओढल्यावर वाजते तशी टिंग टिंग. मग हलगी. मग ताल चढत चढत जातो, चढत जातो, आणि अचानक सगळं थांबतं. त्या रिकाम्या जागेत आई ओरडते, "बारीक कर ते!" आणि लगेच दुप्पट जोरानं बीट कोसळते. आमच्या धंद्यात ह्या कोसळण्याला ड्रॉप म्हणतात.

तात्यांनी ते पहिल्यांदा इंदापुरात एका वरातीत लावलं. पहिल्या खेपेला लोक दचकून मागं बघायला लागले, की कोण बाई रागावली. दुसऱ्या खेपेला हसले. तिसऱ्या खेपेला नवऱ्याचा मामा फेटा सावरत स्पीकरपुढं आला आणि नाचायला लागला. मग ते गाणं माझ्या हातात राहिलंच नाही. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरवर वाजलं, बाजारात मोबाईलच्या दुकानांतून वाजलं, हायवेच्या ट्रकांमधून कुठं कुठं गेलं. पुण्यातल्या एका क्लबात लावलं तेव्हा ज्यांनी जन्मात एसटीत पाय ठेवला नसेल अशी पोरं माझ्या आईच्या ओरडण्याची वाट बघत हात वर करून उभी होती. मला काय वाटलं ते सरळच सांगते: माझी छाती फुगली. ह्या आवाजावर आमचं घर चाललं, माझी फी भरली गेली, आणि आता ह्याच आवाजावर पुणं नाचत होतं.

पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. घरात मात्र ते पोहोचलंच नव्हतं, कारण डीजे दिसला की आई गल्ली बदलायची. तिनं एकदा विचारलं होतं, "वाजतंय का गं माझं?" मी म्हटलं, "सगळीकडं!" ती दिवसभर खुशीत होती.

मग एक दिवस तिच्याच गाडीत ते वाजलं. अंथुर्णं सोडल्यावर मधल्या सीटवरच्या एका पोरानं मोबाईल मोठ्यानं लावला. आई पुढून तिकिटं काढत येत होती. सवयीप्रमाणे ती म्हणाली, "बारीक कर ते!" आणि मोबाईल तिच्याच आवाजात म्हणाला, "बारीक कर ते!"

गाडी हसून हसून लोळली. ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली, कारण त्यालाही हसू आवरेना. आईनं त्या पोराला विचारलं, माझा आवाज कुठून चोरलास? तो बिचारा म्हणाला, "मावशी, समदीकडं वाजतंय हे. इंदापूरच्या कुटल्या तरी डीजेचं हाय."

संध्याकाळी ती घरी आली ती खांद्यावरची बॅग न काढताच माझ्यासमोर उभी राहिली.

"मी गायले न्हवं?"

"गायलीस."

"साडी निसून गायले. ते टाकून दिलंस आन वराडल्यालं घेतलंस?"

"आई, ते ओरडणंच भारी आहे."

"मानसं हसत्यात मला! गाडीत, माझ्या गाडीत. आता म्या तोंड उगडलं की हसनार. चेष्टा लावलीस व्हय आईची?"

मला समजावून सांगता येत नाही, मला फक्त भांडता येतं. तिच्याकडूनच आलंय. मी म्हटलं, "गाणं कुणीबी म्हणंल! असं ओरडून दाखवावं कुणी!" ह्यावर तिचे डोळे भरले, आणि मी आयुष्यात तिला पहिल्यांदा हळू आवाजात बोलताना ऐकलं. "काढ ते," एवढंच म्हणाली.

मी काढलं. शहाणपणानं नाही, रागानं काढलं. त्या जागी दुसरं काहीही भरलं नाही, नुसती शांतता ठेवली. म्हटलं, घ्या. तात्यांना कळलं तेव्हा ते कपाळावर हात मारून म्हणाले, "ताई, भाजीतनं मीठच काडलंस की." पण आईनं नको म्हटलंय म्हटल्यावर त्यांनी जुनं गाणं आपल्या पेनड्राइव्हवरून पुसून टाकलं. जुनं गाणं ज्यांच्याकडे होतं ते वाजवतच होते, त्याला माझा इलाज नव्हता. पण माझ्या हातून आणि तात्यांच्या स्पीकरवर ते पुन्हा वाजणार नव्हतं. मला खरी खंत गाण्याची नव्हती. ज्या गोष्टीचा मला सगळ्यात जास्त अभिमान, तिचीच आईला लाज वाटत होती. हे कसं सोडवायचं ते मला कळत नव्हतं.

जयंतीची मिरवणूक आली. इंदापुरात दरवर्षी तात्यांचा साउंड असतो आणि ट्रॉलीवर लॅपटॉपपाशी मी. आई दरवर्षी त्या दिवसाची रजा आधीच टाकून ठेवते. पांढऱ्याशुभ्र साडीत, बायकांच्या रांगेत, ती पार पुढं चालत होती. उन्हं उतरली होती, रस्ता निळ्या झेंड्यांनी भरला होता. लोकांनी गाण्याला सुरुवातीच्या घंटेवरूनच नाव पाडलं होतं; पोरं खालून ओरडायला लागली, डबल बेल लाव, डबल बेल! मी लावली.

टिंग टिंग. हलगी. ताल चढला, चढला, आणि थांबला. मी ठेवलेली ती शांतता आली.

आणि सगळा रस्ता एका आवाजात ओरडला, "बारीक कर ते!"

पोरं ओरडली, म्हातारे ओरडले, गच्चीवरच्या बायका ओरडल्या. बीट कोसळली आणि निळा रंग उधळला गेला. मी फक्त पुढं बघत होते. आई थांबली होती. तिच्याबरोबरच्या बायका तिच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी सांगत होत्या, हसत होत्या, आणि ते चेष्टेचं हसू नव्हतं हे मला ट्रॉलीवरूनही दिसत होतं. मग ती वळली आणि गर्दीतून माझ्या दिशेनं यायला लागली, भरल्या गाडीत एक खांदा पुढं काढून वाट करते तशीच. मला वाटलं, आता चारचौघांत माझी खरडपट्टी काढणार. तात्यांनी आपण होऊन आवाज कमी केला.

ट्रॉलीला हात टेकवून ती वर बघत म्हणाली, "ह्याला वराडनं म्हनत्यात व्हय?"

मी ट्रॉलीच्या कडेला येऊन खाली वाकले.

"पोटातनं न्हाय कुनाच्याच. समदी गळ्यातनं वराडत्यात. मागच्या शिटापतूर तरी जाईल का असलं?" आणि तात्यांकडे वळून, "लावा परत. पैल्यापासनं."

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. मी परत लावलं. शांतता आली तेव्हा लोकांनी तोंड उघडायच्या आत आई ओरडली. माईक नव्हता, हातात काही नव्हतं. मिरवणुकीच्या शेवटच्या टोकाला चाललेली माणसं टाचा उंच करून बघायला लागली. मी बीट सोडायला अर्धा क्षण उशीर केला, तो आवाज तसाच राहावा म्हणून.

गाण्याच्या कामासाठी मी बारामतीत एक खोली घेतली होती; पुढच्या सुट्टीला आई तिथं आली. तीच ठेवणीतली साडी. मी म्हटलं, आई, आधी गाणं घेऊ, मग ओरडणं. तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "गान्याचं ऱ्हाऊ दी. ते ईहारात म्हनते मी. हितं हेच घे." मग पदर खोचला, माईकपासून दोन पावलं मागं सरकली, कारण जवळून तिला जमत नाही, आणि एकदाच म्हणाली. दुसऱ्यांदा घ्यायची गरज पडली नाही.

मी तिला खुर्चीत बसवलं आणि सगळं गाणं ऐकायला लावलं. जन्मभराच्या सवयीनं माझा हात आवाजाच्या बटणाकडे गेला आणि मी आवाज अगदी बारीक ठेवला. ती पुढं वाकून ऐकत राहिली. डबल बेल झाली, हलगी सुरू झाली, आणि तिचा आवाज यायच्या जरा आधी तिनं माझ्या हातावर चापट मारली.

"मोटा कर की," आई म्हणाली.