दुःखाच्या अकरा स्लाइड्स

आई गेल्यावर दोन महिने मी रडलो नाही, घरात सगळ्यांवर खेकसत मात्र होतो. शेवटी बायकोनंच इथं सिंगापुरात, टॅम्पिनीसमध्ये होलिस्टिक थेरपी करणाऱ्या एका चिनी आंटींची वेळ घेतली. "तळपाय दाबतात, मनातलं बोलायला लावतात. जा बाबा एकदा, मुलं टरकतात तुला!"

आता, तयारीशिवाय गेलो तर मी आयटी मॅनेजर कसला? मी माझ्या दुःखाचं प्रेझेंटेशनच घेऊन गेलो. समस्या, कारणं, उपाय. अकरा स्लाइड्स, शेवटी चक्क 'धन्यवाद'.

आंटी बुटक्या स्टुलावर बसल्या. आधी त्यांनी स्वतःचे तळहात चोळून गरम केले, मग माझा पाय मांडीवर घेऊन तेल लावलं. मी पोटावर लॅपटॉप ठेवून बोलत होतो. प्रत्येक स्लाइडला त्या मान डोलवायच्या आणि अंगठा आणखी थोडा रुतवायच्या.

"फार टापटीप आहे लाह," त्या खास सिंगापुरी इंग्रजीत म्हणाल्या. "पण आई कुठल्या स्लाइडवर?"

मी मागेपुढे शोधलं. दुसऱ्या स्लाइडवर एक ओळ सापडली : 'कौटुंबिक घटना'.

तेल लागू नये म्हणून आंटींनी कोपरानं लॅपटॉप मिटला. "ती तुला कशावरून रागवायची?"

"व्हिडिओ कॉलवर माझ्या मागे कपड्यांचा ढीग दिसला की..." एवढं इंग्रजीत जमलं. पुढचं आईच्याच शब्दांत, मराठीत आलं, आणि हुंदक्यांसकट आलं. आंटींना त्यातलं अक्षरही कळत नव्हतं. मी थांबलो, तेव्हा त्यांनी माझा दुसरा पाय मांडीवर घेतला.

"आणखी कशावरून?"