चंदन लावलेली यंत्रं

आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, ऑफिसात शिरले की उगाळलेल्या चंदनाचा वास येतो आणि माझं डोकं फिरतं. तंजावूरच्या आमच्या कॉलेजातली लॅब आठवते. तिथेही संगणकांना असंच गंध-कुंकू लावलं होतं, झेंडूच्या माळा घातल्या होत्या. सर आमच्यातलेच, तंजावूरचे मराठी, राजवाड्यामागच्या गल्लीतले, म्हणून मी घरच्या मराठीत विचारलं, "सर, आकड्यांचा तक्ता आडवा वाचला की प्रोग्रॅम झरझर पळतो, उभा वाचला की रखडतो. आत असं काय होतं?"

"उत्तर बरोबर आलं की नाही?"

"आलं."

"मग आतलं तुला कशास? आज यंत्राला हात लावू नये. नमस्कार कर, प्रसादाचं सुंडल घे अन् जा."

सगळे हसले. हातातल्या द्रोणात हरभऱ्याचं गरम सुंडल होतं, वर ओलं खोबरं. मी ते तिथेच ठेवलं.

पुढे माझं मीच शोधलं. आडव्या ओळीतले आकडे मेमरीत शेजारशेजारी असतात, ते एकदम उचलले जातात. उभं वाचलं की जवळजवळ प्रत्येक आकड्याला नवा हेलपाटा. एवढंच! तेव्हा वाटलं होतं, सर चिडले. आता कळतं, त्यांना ते ठाऊकच नव्हतं, आणि चंदनाआड लपायला तो दिवस बरा सापडला. म्हणून राग जास्तच येतो.

आज आमच्या नव्या प्रोग्रॅमरचा प्रोग्रॅम तसाच, तक्ता उभा वाचत, रखडलाय. "उत्तर बरोबर आहे, मॅडम. मोठं मशीन घेऊया," म्हणाला, आणि माळ घातलेल्या मशीनला वाकून नमस्कार केला.

"झाकण उघड. मेमरी कुठली ते दाखव, मग आकडे तिथून कसे उचलले जातात ते सांगते."

"आज हात लावायचा नसतो, मॅडम."

"लाव," मी म्हणाले.