जागच्या जागी

माझ्या बायकोच्या, सुमनच्या कानातल्या नसेवर गाठ आहे. तोल किती शाबूत आहे हे बघायला डॉक्टरांनी तिला डोळे मिटून, हात पुढे करून जागच्या जागी पन्नास पावलं टाकायला सांगितली. समोर उभ्या माझ्याकडे बघून ती हसली. शाळेत जन्मभर मुलांकडून कदमताल करून घेतलेली बाई ती! पाऊल कडक पडत होतं, पण ती हळूहळू उजवीकडे वळत होती. मी हाक मारणार, तोच डॉक्टरांनी खुणेनं गप्प केलं. माणसाला स्वतःचं वळणंच कळत नसेल, तर मी तरी आज कुठे तोंड करून उभा आहे?

शेवटी तिची पाठ माझ्याकडे झाली.

"बघा, जागची हलले नाही," ती म्हणाली.

तिनं डोळे उघडायच्या आत मी धावत तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो.