चुनीलालच्या खळ्यातलं पाऊल

भिला पगी भित्रा होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पगी म्हणजे पावलांवरून माग काढणारा. गावात कुणाचा बैल पळवला की भिला जमिनीकडे बघत निघायचा आणि थेट चोराच्या दारात जाऊन थांबायचा. एकदा पाहिलेलं पाऊल तो जन्मात विसरायचा नाही. एवढी विद्या, पण समोर कुणी मोठा माणूस उभा राहिला की गड्याची बोबडी वळलीच! देवानं याला डोळे दिले अन् काळीज द्यायचं विसरला, असं त्याची बायको तापीबाई चारचौघांत म्हणायची.

आणि तो काळ काही भित्र्या माणसाचा नव्हता. दहा-अकरा वर्षं डोंगरातल्या टोळ्या आणि आमची तापीकाठची गावं यांचं बंदुकीचं वैर चाललेलं. ते उतरून खळी पेटवायचे, आमचे बंदूकवाले चढून त्यांचे पाडे जाळायचे. आधी कुणी सुरू केलं, ते विचारायची सोय उरली नव्हती.

त्या धामधुमीत एका सकाळी चुनीलाल पाटील आपल्याच खळ्यात मरून पडलेला सापडला. भिलाला बोलावलं. रक्ताशेजारी एक अनवाणी पाऊल होतं, उजवं, करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. नदीच्या वाळूत ते पाऊल त्यानं शंभरदा पाहिलं होतं. चुनीलालच्या धाकट्या भावाचं, शांतीलालचं. दोघा भावांची वाटणीवरून धुसफूस होती, ती साऱ्या गावाला ठाऊक होती. आणि शांतीलाल तिथंच उभा, खांद्याला बंदूक.

"माग कथा गया रे, भिला?" त्यानं विचारलं.

"डोंगरकडे," भिला म्हणाला. "डोंगरकडे गया, आप्पा."

बस, एवढंच बोलला. त्या एका शब्दावर गावचे बंदूकवाले खापर गावाच्या वर डोंगरात चढले आणि एक अख्खा पाडा जाळून आले. त्यात सुकराम नावाच्या माणसाची बायको होरपळून मेली. सुकराम मग टोळीत गेला. हे सगळं भिलाच्या कानावर आलं, आणि त्यानं तोंडाला कुलूप लावलं ते लावलंच.

एकोणसाठ साली वैर मिटलं. टोळ्यांनी अक्कलकुव्याला बंदुका खाली ठेवल्या. सरकारनं सांगितलं, लूट माफ, जाळपोळ माफ. खून मात्र माफ नाही, डोंगरातल्यानं केलेला असो की गावातल्यानं. चौकशीचे साहेब गावोगाव फिरू लागले. आमच्याकडे आले ते चुनीलालच्या खुनासाठी. शांतीलालनं सरळ सुकरामकडे बोट दाखवलं. साहेब म्हणाले, "पावलाचा माग कुणी काढला होता? त्या पगीला उद्या हजर करा."

त्याच संध्याकाळी शांतीलाल भिलाच्या झोपडीवर आला. आत आला नाही, दारातूनच बोलला. "सुकराम. ध्यानमा ठेव. तुन्ही झोपडी मन्ही जागावर शे."

दुसऱ्या दिवशी चावडीपुढे राख पसरली. शरण आलेले आठ जण एकेक करून तिच्यावरून चालले. भिला गुडघ्यांवर बसून बघत होता. घामानं बंडी पाठीला चिकटलेली. सुकरामचं पाऊल सपाट, बोटं फाकलेली. नुसतं "हाऊच", हाच तो, म्हटलं की सुटलो, असं त्याचं मन त्याला सारखं सांगत होतं. त्यानं मान वर केली. सुकराम त्याच्याकडे बघत होता. आपली बायको कुणाच्या शब्दानं जळली, हे त्या बिचाऱ्याला माहीतच नव्हतं!

"नही," भिला म्हणाला. "यास्मा नही, साहेब."

"मग कुणाचं होतं?"

"माहीत नही, साहेब."

सुकराम सुटला. लोक भिलाला शिव्या घालत पांगले. चुनीलालची विधवा मंगलाबाई तेवढी मागे राहिली. "भिला भाऊ, तुले माहीत शे ना?" ती म्हणाली. भिलानं तिथून काढता पाय घेतला. लाज वाटली त्याला, पण भीती लाजेपेक्षा मोठी होती.

तीन दिवस तो झोपडीबाहेर पडला नाही. कुत्रं भुंकलं तरी दचकायचा. चौथ्या दिवशी सकाळी तापीबाईनं दार उघडलं आणि त्याला हाक मारली. आदल्या संध्याकाळी सारवलेल्या अंगणात, बरोबर उंबऱ्यासमोर, एकच पाऊल उमटलं होतं. उजवं. मुद्दाम दाबून. करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली.

दुसऱ्या कुणाला त्यात काही दिसलं नसतं. शांतीलालनं भिलाला दिलेला तो दम होता, आणि तो एकट्या भिलालाच वाचता येणार होता.

भिलाचं तोंड बघून तापीबाईला तो दम कळला. तिनं झाडू घेतला. "पुसी टाकस मी. कोनी दखाले नको."

"थांब!" भिला ओरडला. उभ्या जन्मात तो बायकोवर ओरडला नव्हता. कोपऱ्यातली टोपली त्यानं उचलली. वाऱ्यानं, कोंबड्यांनी माग मोडू नये म्हणून पगी सापडलेलं पाऊल पंच येईपर्यंत टोपलीखाली झाकतो. टोपली त्याच्या हातातून दोनदा निसटली. तिसऱ्यांदा नीट बसली.

"जा," तो म्हणाला. "साहेब धानोऱ्याले शेतस, त्यासले बलाव. मंगलाबाईले बलाव. सुकरामले बी."

"सुकरामले कसाले?"

"माग डोंगरकडे गयाच नव्हता. मी खोटं सांगेल व्हतं. ते त्यान्हा समोर सांगनं शे."

तापीबाई पदर खोचून पळत सुटली. भिला टोपलीशेजारी बसला. शांतीलालच्या घराचं दार तिथून समोरच दिसत होतं, आणि ते उघडलं. भिलानं टोपली दोन्ही हातांनी दाबून धरली आणि तो जागचा हलला नाही.