दहापैकी किती?

मी व्हर्लीन. अलाबामातल्या या विद्यापीठाच्या मेसमध्ये दारात बसून पोरांची कार्डं तपासते, बावीस वर्षं झाली. कोण जेवलं, कोण नुसतं चिवडून उठलं, सगळं मला कळतं.

केंड्रेल इथल्याच सेल्मा गावचा. इंजिनिअरिंगला होता, बँडमध्ये भलामोठा ट्युबा वाजवायचा आणि मक्याचा पाव तीनदा मागून घ्यायचा. "मिस व्हर्लीन, आज केस काय झकास दिसतायत!" म्हणायचा. डोक्यावरच्या मेसच्या जाळीखाली केस दिसतात तरी का मेल्याला!

त्या मंगळवारी दुपारी ताट न घेताच बसला. श्वास तुटत होता. त्याला जन्मापासून सिकल सेल, रक्ताचा आजार, मधूनच जीवघेण्या कळा येतात, हे मला ठाऊक होतं.

"दवाखान्यात जा."

"मी ठीक आहे, मॅम."

"दिसतंय ना किती ठीक आहेस ते! तोंड बघ आरशात."

मग बोलला. गेल्या वर्षी अशाच कळा यायला लागल्या म्हणून तो कॅम्पसच्या दवाखान्यात गेला होता, काळा पोरगा, अंगात साधी हुडी. दहापैकी किती दुखतंय विचारलं, तर नऊ म्हणाला. काउंटरवरची बाई म्हणाली, "गोळ्या हव्यात ना तुला? नशेच्या?" आणि तिने सरळ गार्डला बोलावलं. आईला कळल्यावर तिने बजावलं, यापुढे डॉक्टरकडे जाताना चर्चला जातोस तसं नीट कपडे करून जायचं.

"चल, मी येते," म्हटलं. तर हे महाराज आधी खोलीवर गेले! शर्टाला इस्त्री केली, टाय बांधला. फासळ्यांत कळा मारतायत आणि इस्त्री कसली करतोस रे? मी खाली उभी राहून नुसती चरफडत होते.

दवाखान्यात नर्सने विचारलं, "दहापैकी किती?"

"चार," केंड्रेल म्हणाला.

तिने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "छान तयार होऊन आलायस की. फार काही नसेल. गुरुवारची वेळ देते."

माझं डोकंच फिरलं. "अहो बाई, शर्टाला नाही दुखत, पोराला दुखतंय! डॉक्टरांना बोलवा, नाहीतर मी इथून हलायची नाही."

गार्ड पुढे आला. आला तर आला.

आरडाओरड ऐकून डॉक्टरच बाहेर आले. केंड्रेलच्या बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन पाहिला, तसा त्यांचा चेहराच बदलला. त्याच्यासमोर उकिडवे बसून म्हणाले, "छातीत दुखतंय ना? खरं सांग, किती?"

केंड्रेलने माझ्याकडे पाहिलं. "मिस व्हर्लीन, सांगू?"

"सांग, बाळा."

"नऊ," म्हणाला आणि एवढा दांडगा पोरगा हमसून हमसून रडायला लागला.

दहा मिनिटांत ॲम्ब्युलन्स आली. गुरुवारपर्यंत तो टिकला नसता, असं डॉक्टर मागाहून म्हणाले. वाचला, देवाची कृपा. पण आठवलं की अजून अंगाचा तिळपापड होतो माझ्या. दुखतंय एवढं सांगायला त्या लेकराला माझी परवानगी लागली.